वाचून दाखवणारे मुन्सफसाहेब

परवा तहसिलीत एका बाईचा अंगठा घेताना पाहिला. कारकुनाने कागद पुढे सरकवला, शाईची डबी उघडली, बाईचा अंगठा धरून कागदावर दाबला आणि "जा आता" म्हणाला. कागदावर काय लिहिलंय ते बाईने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, वाचून तरी दाखवा तिला." कारकून पोरसवदा होता. हसून म्हणाला, "आजोबा, तुम्ही कोण? वकील का?" मी म्हणालो, "नाही बाबा. पेशकार होतो. निजामाच्या वेळी." तो आणखी हसला आणि पुढच्या माणसाला हाक मारायला लागला.

मला त्याचा राग आला नाही. माझीच लाज वाटली. दुसऱ्याला 'वाचून दाखवा' असं सांगायचा अधिकार मी एका सकाळी घालवून बसलोय, आणि त्याला आता एवढी वर्षं झाली की ज्यांना ती गोष्ट माहीत होती ती माणसंही उरली नाहीत. मी एकटा उरलोय. म्हणून मुन्सफसाहेबांबद्दल मीच लिहायला पाहिजे. न लिहून चालण्यासारखं नव्हतं, पण बरेच दिवस तसंच चालवलं.

मीर मुबारक अली त्यांचं नाव. परभणी जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आले ते तिसाच्या पुढच्या सालांत, आणि अठ्ठेचाळीसला हिंदी फौजा येईपर्यंत तिथेच राहिले. दुसरे मुन्सफ दोन-अडीच वर्षांत बदलून जायचे. यांची बदली करायला वरच्या लोकांना यांची आठवणच होत नसावी. ठेंगणे होते. शेरवानीच्या उजव्या कोपराला रफू केलेला, कारण त्या कोपरावर टेकून ते दिवसभर ऐकत असत. रुमी टोपी कचेरीत आल्याबरोबर काढून टेबलावर पालथी घालत आणि तिच्यात सुपारीचे तुकडे ठेवत. वकील मंडळी मागून म्हणायची की साहेबांची अब्रू दहा वाजता उतरते आणि पाचला चढते. साहेबांना हे ठाऊक होतं. एका वकिलाला ते म्हणाले होते, "डोक्यावर टोपी असली की कान झाकत्यात." रुमी टोपीने कान झाकत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण?

ते मूळचे कंधारकडचे. लहानपणी शेतातल्या गड्यांत वाढलेले, त्यामुळे त्यांना मराठी यायची ती शेतातली. फैसला लिहिताना लखनौला शोभेल अशी उर्दू, आणि साक्षीदाराशी बोलताना "कवा निघालास रं? बैलगाडीनं आलास का पायी?" नवीन वकील असला की त्याला वाटायचं साहेब चेष्टा करायलेत. चेष्टा नव्हती. त्यांना दुसरी मराठी येतच नव्हती. आणि नागरी अक्षरं तर मुळीच वाचता येत नसत. हे ध्यानात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

सरकार निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू आणि दारात उभा राहणारा माणूस मराठी. साक्षीदार मराठीत बोलणार, पेशकाराने ते ऐकत ऐकत उर्दूत लिहायचं, खाली साक्षीदाराचा अंगठा घ्यायचा, की झाला इजहार, म्हणजे जबाब, तयार. त्यात काय लिहिलंय ते त्या माणसाला जन्मात कळायचं नाही. अशाच इजहारांवर शेतं जायची आणि माणसं तुरुंगात जायची. सगळ्या मुलखात असंच चाले आणि त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटत नव्हतं. मी मॅट्रिक झालेला, उर्दू चांगली, अक्षर त्याहून चांगलं. सव्विसाव्या वर्षी पेशकार झालो म्हणून सासऱ्यांनी गावजेवण घातलं होतं.

पहिल्याच महिन्यात गिरजाबाई नावाच्या एका विधवेची साक्ष होती. लिंगायत बाई, गळ्यात लिंग ठेवायचा चांदीचा करडा, कपाळावर भस्म. तिच्या दिराने तिचं शेत बळकावलं होतं आणि म्हणत होता की हिनेच दिलं. बाई पुष्कळ बोलली. नवरा कसा वारला, पाऊस कसा पडला नाही, बैल कसा मेला. मी त्यातलं कामापुरतं तेवढं उचललं आणि लिहिलं, 'शेत मी दिराला दिलं हे खरं आहे.' अंगठ्यासाठी कागद पुढे केला तर साहेब म्हणाले, "पेशकार, सुनाव." मी उर्दूत भराभर वाचलं. साहेब म्हणाले, "मला न्हाई. तिला. तिच्या बोलीत."

मी मराठीत वाचलं. त्या ओळीवर बाई कडाडली, "आवं दिलं म्हंजे? तीन वर्सं बटईनं कसायला दिलं म्हनले मी. पोरगं मोठं होईस्तवर. तेवढंच कसं गाळलं तुमी?"

कचेरी हसली. माझे कान तापले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला ती ओळ खोडून पूर्ण लिहायला लावली, पुन्हा वाचायला लावली आणि मगच अंगठा घेतला. संध्याकाळी टोपी डोक्यावर घालता घालता म्हणाले, "पेशकार, ती खोटं बोलली नव्हती, आन् तुमीबी खोटं लिवलं नव्हतं. पर अर्धं लिवलं की ते खोट्याच्या वरताण असतंय." मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य, जे पुढे मी हजारदा ऐकलं: "जो सुनाया नै, वो लिख्या नै." जे वाचून दाखवलं नाही ते लिहिलंच नाही असं समजायचं.

त्या दिवसापासून आमच्या कचेरीत प्रत्येक इजहार वाक्यावाक्याने मराठीत वाचून दाखवायचा असा दंडक झाला. एका दिवसात जिथे दहा साक्षी व्हायच्या तिथे चार व्हायला लागल्या. वकील वैतागले. वरून ताकीद आली. साहेबांनी तिला लांबलचक उर्दूत उत्तर लिहिलं आणि दंडक चालूच ठेवला. खेड्यापाड्यांत त्यांचं नावच पडलं, 'वाचून दावनारा साहेब'. ताडकळसच्या बाजारात माणसं एकमेकांना सांगायची, "आपली तारीख वाचून दावनाऱ्या सायबाकडं हाय, मग भ्यायचं न्हाई."

त्यांची दुसरी खोड त्याहून विचित्र. साक्षीदार कटघऱ्यात उभा राहिला की नाव, बापाचं नाव, गाव हे विचारायच्या आधी ते विचारायचे, "भाकर खाल्ली का सकाळी?" पहाटे दहा-बारा मैल चालत निघालेला माणूस, तो काय खाणार? "न्हाई जी" म्हणाला की साहेब त्याला बाहेर काढत. "जा, लिंबाखाली बस, खा आन् मग ये." भाकरी बांधून आणलेली नसली तर चपराशाला पाठवून समोरच्या वाण्याकडून फुटाणे नि गूळ मागवत. वाणी हिंदू होता, म्हणून साक्षीदारांना ते चालायचं. हेही साहेबांनी ध्यानात घेतलं होतं.

मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, ही कचेरी आहे, धर्मशाळा नाही." तर म्हणाले, "उपाशी मानूस कशालाबी हौ म्हंतो, पेशकार. घरी जायची घाई असती त्याला. वकील इचारतो, तू बघितलास ना? हौ. तूच होतास ना? हौ. भुकेल्याचं हौ मी धरत न्हाई." आणि खरोखर ते धरत नसत. एका चोरीच्या खटल्यात आरोपीने कबुली दिली होती. साहेबांनी फैसल्यात लिहिलं की कबुली देताना आरोपी दोन दिवस उपाशी होता, सबब ती कबुली समजता येत नाही. पोलीस जमादाराने कपाळावर हात मारून घेतला.

आता आंब्यांची गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल साहेब म्हणजे नुसते गंभीर गृहस्थ. मानवतकडच्या एका देशमुखाचा दावा चालू होता. त्याने उन्हाळ्यात एक भली मोठी करंडी भरून शेंदरी आंबे साहेबांच्या घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ती करंडी चपराशाच्या डोक्यावरून कचेरीत आली. साहेबांनी देशमुखाला विचारलं, "हे तुमचंच का?" तो म्हणाला, "तसं काही नाही हुजूर, घरचे आंबे..." साहेब मला म्हणाले, "लिहा. दावेदाराने हजर केलेली वस्तू, आंबे, एक करंडी. निशाणी अकरा." आणि ती करंडी दाव्याच्या कागदांबरोबर मुद्देमालाच्या खोलीत कुलपात गेली. मुद्देमालाला निकाल लागेपर्यंत कुणाला हात लावता येत नाही. पंधरा दिवसांत सबंध कचेरी घमघमली, नंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही नाकाला उपरणी लावून बसलो. मजा अशी की निकाल देशमुखाच्याच बाजूने लागला, कारण दावा खरा होता. साहेबांनी निकाल वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, "निशाणी अकरा परत घेऊन जावी." देशमुख ती करंडी घेऊन खाली मान घालून गेला, त्या वेळी पोटभर हसलेल्यांत मीही होतो.

असे दिवस चांगले चालले होते. मग सत्तेचाळीसचा पावसाळा आला. तिकडे देश स्वतंत्र झाला आणि आमच्याकडे निजामाचं राज्य तसंच राहिलं. माझा मेहुणा वामन तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याने आणि आणखी तिघांनी ताडकळसच्या भर बाजारात तिरंगा लावला. चौघांना धरून आणलं. जमादाराने पंचनामा केला होता. त्यात झेंड्याबरोबर कुऱ्हाडी आणि भाले सापडल्याचं लिहिलं होतं, म्हणजे पोरं काही वर्षं तरी आत जाणार. पंच म्हणून एका भाजी विकणाऱ्या माळ्याचा अंगठा होता. घरात बायकोने दोन दिवस चूल पेटवली नव्हती. मी साहेबांना काही बोललो नाही. वामन माझा कोण हे त्यांना ठाऊक असेल किंवा नसेल, त्यांनी कधी विचारलं नाही.

साहेबांनी माळ्याला आधी फुटाणे खायला पाठवलं. मग मला म्हणाले, "पंचनामा ह्याला वाचून दावा." मी वाचला. माळी घाबरून इकडेतिकडे बघायला लागला.

"ह्यो कागद तुला आधी कुनी वाचून दावला होता?"

"न्हाई जी. जमादारसाब म्हनले अंगठा लाव, म्या लावला."

"कुऱ्हाडी बघितल्यास?"

"झेंडा बघितला जी. कुऱ्हाडी न्हाई बघितल्या."

साहेबांनी त्याच दुपारी चौघांना सोडलं. फैसला दोन ओळींचा. जो पंचनामा पंचाला वाचून दाखवला नाही तो पंचनामा नव्हे. तो हुकूम मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिला. त्या रात्री वामन सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेला.

तेव्हा गावात खाकी कपडे घातलेली एक टोळी तयार झाली होती. राज्य राखायचं म्हणून काठ्या-तलवारी घेऊन फिरायची, खेडी लुटायची. तिचा पुढारी एके दिवशी सरळ कचेरीत शिरला आणि साहेबांना म्हणाला, "आप किसके मुन्सफ हैं, साहब?" साहेबांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "जिसका इजहार सामने है, उसका." तो गेला तो दार आपटून.

आता माझी गोष्ट येते. ती टाळून साहेबांबद्दल लिहिता आलं असतं तर मी हे चाळीस वर्षांपूर्वीच लिहिलं असतं.

हिवाळ्यात साहेबांची बहीण वारली. ते आठ दिवस कंधारला गेले. कचेरी माझ्यावर. तिसऱ्या दिवशी तो पुढारी आला. मला वाटलं आता हा मला मारणार. पण त्याने अदबीने आदाब केला, खुर्ची ओढून बसला, "पेशकारसाहब" म्हणाला. टोळीला रोज सकाळी कवायतीसाठी कचेरीचं पटांगण हवं होतं. अर्ज लिहून आणला होता. "साहब नहीं हैं तो आपही साहब," असं म्हणाला.

मी अर्जाच्या दोन्ही प्रतींवर लिहिलं, 'कचेरीची हरकत नाही', खाली मुन्सफ कचेरीचा शिक्का मारला आणि एक प्रत त्याच्या हातात दिली.

बायकोला मी सांगितलं की त्याने तलवार दाखवली. पुढे सगळ्यांना तेच सांगितलं. आज खरं सांगतो, त्याने तलवार दाखवली नव्हती. धमकी दिली नव्हती. त्याने मला साहेब म्हटलं, समोर बसून परवानगी मागितली आणि मला ते आवडलं. भीती नंतर वाटली, तो गेल्यावर. एवढंच कारण. त्या शिक्क्यामुळे आमच्या पटांगणात रोज तलवारी फिरायला लागल्या आणि तारखेला येणारी माणसं कुंपणाशी थबकायला लागली.

साहेब परत आले. त्यांनी खिडकीतून कवायत पाहिली. मला बोलावलं आणि अर्जाची कचेरीतली प्रत माझ्या हातात दिली. "वाचून दावा." मी माझीच ओळ त्यांना वाचून दाखवली. दोनदा. ते रागावले नाहीत. कोपरावर टेकून बसले आणि म्हणाले, "घ्या लिहून." आणि पत्र सांगितलं. 'माझ्या गैरहजेरीत दिली गेलेली परवानगी मी रद्द करतो. न्यायाच्या जागेत हत्यारं चालणार नाहीत.' एक प्रत टोळीला, एक जिल्ह्याला आणि एक आमच्या बस्त्यात, म्हणजे दप्तराच्या गाठोड्यात. परवानगी कुणी दिली ते त्यांनी लिहायला सांगितलं नाही. मी म्हणालो, "साहेब, माझं नाव..." तर म्हणाले, "शिक्का माझ्या कचेरीचा हाय. मग परवानगी माझीच झाली. रद्दबी मीच करतो."

कवायत थांबली नाही. उलट साहेबांच्या घरावर आठ दिवस दगड पडत होते. ते पटांगणाकडची खिडकी लावून घेऊन बसायचे आणि इजहार वाचून दाखवताना मला म्हणायचे, "जरा मोठ्यानं, पेशकार. भाईर लय गलका चाललाय."

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात हिंदी फौजा आल्या. चार दिवसांत निजामी गेली. आम्ही पेढे वाटले. नंतरच्या आठवड्यात गावोगाव जे झालं ते आमच्यापैकी कुणी फारसं बोलत नाही. टोळीवाले आधीच पळाले होते, हाती लागले ते त्यांचे शेजारी. जुलाहे, तांबोळी, गवंडी. आमच्या गल्लीतला बांगड्या विकणारा पुन्हा कधी दिसला नाही. मी दार लावून घरात होतो.

साहेबांना धरलं ते गावकऱ्यांनी केलेल्या एका अर्जावरून. मुन्सफाने टोळीला कचेरीचं पटांगण दिलं, म्हणजे हा त्यांच्यातलाच. सोबत पुरावा जोडला होता, मी शिक्का मारून टोळीला दिलेली तीच प्रत. टोळीच्या सोडून दिलेल्या घरात कुणाला तरी सापडली होती. साहेबांना गावच्या शाळेत कोंडलं. तीन आठवडे ते तिथे होते. बायको दोनदा म्हणाली, "भाकरी तरी पाठवा हो. आपल्या वामनला त्यांनी सोडवलं." मी म्हणालो, "कुणी पाहिलं म्हणजे?" भाकरी गेली नाही.

वामन वऱ्हाडातून परत आला होता, हार घालून घेत होता. अर्जावर तिसरी सही त्याची होती. मी त्याला विचारलं, "अर्ज वाचलास का रे सही करताना?"

"न्हाई ओ दाजी. गर्दी होती. समदेच करायले होते, मीबी केली."

"कुणी वाचून दाखवला?"

त्याला स्वतःच्या खटल्यातला पंचनामा आठवला असावा. मान खाली घालून म्हणाला, "आता कसं फिरायचं, दाजी? लोक खवळलेत. तुमीच सांगा चौकशीवाल्याला, तुमाला समदं म्हाईत हाय." एवढं बोलून तो निघून गेला. त्याने जे माझ्यावर टाकलं ते योग्यच होतं. बस्ता माझ्या ताब्यात होता, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला होती.

चौकशीसाठी मुंबईकडचे एक अधिकारी आले. चांगले गृहस्थ, पण एका दिवसात तीस-चाळीस माणसं निकालात काढायची होती आणि त्यांना उर्दू येत नव्हती. ते शाळेच्या आतल्या खोलीत बसले आणि मला ओसरीवर टेबल दिलं. "तुम्ही एकेकाचा जबाब मराठीत लिहून घ्या, वाचून दाखवून सही घ्या आणि आत आणा," असं म्हणाले. वाचून दाखवून, हे त्यांनीही सांगितलं होतं.

साहेब आले. शेरवानी मळलेली, टोपी नव्हती. दाढी वाढलेली. सकाळपासून रांगेत उभे होते. ते समोरच्या बाकावर बसले, त्यांनी मला पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. हे मला स्पष्ट दिसलं. ओळखीचा पेशकार आहे, आता काम नीट होईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यांनी उर्दूत जबाब सांगितला, फैसला सांगावा तसा, सावकाश. परवानगी माझ्या कचेरीतून गेली हे खरं आहे. तेव्हा मी कंधारला होतो. परत आल्यावर मी ती लेखी रद्द केली. त्या पत्राची प्रत कचेरीच्या बस्त्यात आहे, ती मागवून पाहावी. चार वाक्यं. शिक्का कुणी मारला ते याही वेळी त्यांनी सांगितलं नाही.

मी लिहायला लागलो. पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्यापाशी माझा टाक थांबला. साहेब कंधारला होते असं लिहिलं की आतला अधिकारी विचारणार, मग परवानगी दिली कुणी? बस्ता मागवला की माझं अक्षर. निजामाच्या नोकरांची यादी होत होती, कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं. घरी दोन मुलं, म्हातारी आई. हे सगळं मनात आलं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे एवढं काही मनात आलं नाही. हात नुसता पुढच्या ओळीवर गेला. मी लिहिलं, 'परवानगी माझ्या कचेरीतून देण्यात आली हे खरं आहे. याहून अधिक सांगणं नाही.'

गिरजाबाईचं शेत मी पुन्हा एकदा दिराला देऊन टाकलं.

कागद हातात धरून मी बसलो. आता वाचून दाखवायचा. आमच्या कचेरीत बारा-तेरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, नुसता वाचायला सुरुवात करायचो. त्या दिवशी मी विचारलं, "वाचून दाखवू का, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. त्यांनी सांगितलेली चार वाक्यं आणि कागदावरच्या जेमतेम दोन ओळी. नागरी वाचता येत नसली तरी ओळी मोजता येतात. आतून अधिकाऱ्याचा आवाज आला, "झालं का? वाचून दाखवलं?"

मी म्हणालो, "हो साहेब, दाखवलं."

मुन्सफसाहेबांनी हात पुढे केला. "द्या इकडं. तुमीच लिवलंय न्हवं?" आणि उजव्या कोपरावर टेकून, त्या न वाचलेल्या कागदावर, त्यांनी आपली सुंदर उर्दू सही केली. तेरा वर्षांत वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी एकाही अडाण्याचा अंगठा घेऊ दिला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांची नोकरी गेली आणि त्यांना तुरुंगात पाठवलं. सुटल्यावर ते कंधारला गेले आणि दोन वर्षांनी वारले, असं एका वकिलाकडून कळलं. माझी नोकरी राहिली. नव्या कोर्टात मला बढतीही मिळाली, कारण जुनी उर्दू दप्तरं वाचणारा दुसरा कुणी नव्हता. त्या पत्राची प्रत पुष्कळ वर्षं बस्त्यात होती. जुने कागद नष्ट करायची यादी निघाली तेव्हा तोही बस्ता यादीत आला. यादीवर सही माझीच होती. ती मी नीट वाचून केली.

पण मला जे रोज आठवतं ते याच्या आधीचं, त्या ओसरीवरचं. सही झाल्यावर शिपाई साहेबांना न्यायला आला. ते उठले, दोन पावलं गेले आणि मागे वळले. मला वाटलं आता बोलतील. शिव्या देतील, त्या अधिकाऱ्याला हाक मारतील. काहीतरी करतील. मी तयार होतो, किंबहुना त्यांनी तसं करावं अशी वाटच बघत होतो.

ते टेबलापाशी आले. कटघऱ्यातल्या माणसाला विचारायचे तसं, हळू आवाजात, त्यांनी मला विचारलं, "पेशकार, भाकर खाल्ली का सकाळी?"

ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी नाही म्हणावं असं त्यांना वाटत होतं, हे मला तेव्हाच कळलं. मी मान हलवून हो म्हणालो. आणि ते खरं होतं. त्या सकाळी बायकोने केलेली गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि वर वाटीभर ताक, असं पोटभर जेवून मी गेलो होतो.